जंतू मरावा, औषध टिकावे



आयुष्यभर फार्मसी शिकवलेल्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. म्हणून आजचा विषयही फळ्यावर मांडता येईल असा आहे, फक्त त्याचे उत्तर प्रयोगशाळेत गेल्याशिवाय मिळत नाही. इंजेक्शनची कोरडी पावडर, डोळ्यांत घालायचे मलम, त्वचेखाली ठेवायची औषधी कांडी, ही औषधे गॅमा किरणांनी निर्जंतुक करायची झाली तर तो मारा औषध स्वतः सोसते का? आणि सोसते हे ठरवायचे कसे?

आधी निर्जंतुकतेची किंमत पाहू.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातले मुल्कोवाल हे गाव. प्लेगची लस टोचण्याचे काम सुरू होते. लस तयार झाली होती आपल्या मुंबईत, परळला, वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. उरलेल्या चार बाटल्यांतून ज्यांना टोचले, त्यांना काही झाले नाही. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. जंतू परळला शिरले नव्हते. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे चौकशीत पुढे आले. १९२५ पासून परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचेच नाव आहे.

पाचांपैकी एक बाटली. निर्जंतुकतेचा सगळा पेच या एका बाटलीत आहे. दूषित कुपी चांगल्या कुपीसारखीच दिसते, आणि ती शेकड्यात एक असेल तर शोधणार कशी? औषधाच्या एका घाण्यातून वीस कुप्या काढून तपासल्या, असे समजा. शंभरात एक कुपी दूषित असेल तर त्या वीस कुप्यांत ती सापडण्याची शक्यता केवळ १८ टक्के. म्हणजे शंभरांतल्या ८२ वेळा चाचणी म्हणेल, सगळे ठीक आहे. इंग्लंडात प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात १९७२ साली ग्लुकोजच्या सलाइनमुळे रुग्ण दगावले, तेव्हा हेच उघड झाले. वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात हवा अडकून राहिली होती, खालच्या भागातल्या बाटल्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोचलीच नव्हती, आणि तरीही तो साठा कारखान्यातून बाहेर पडला होता.

यातून औषधनिर्माणाने एक धडा घेतला. निर्जंतुकता शेवटी तपासून मिळत नाही. ती प्रक्रियेतच आणावी लागते, आणि प्रक्रिया मोजता आली पाहिजे. आजची अपेक्षा अशी की दहा लाख कुप्यांत फार तर एखादीत जिवंत जंतू उरण्याची शक्यता असावी. दहा लाखांत एक! वीस कुप्या तपासून या आकड्याच्या जवळपासही फिरकता येत नाही.

आता घन औषधांची अडचण. पाण्यासारख्या औषधाला वाफ चालते: १२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटे. पण पेनिसिलिनच्या कोरड्या पावडरीला वाफ दाखवा, ओलाव्याने तिचा रेणूच उकलतो. कोरडी उष्णता द्यावी तर १६० अंशांवर दोन तास लागतात आणि तेवढ्यात बहुतेक प्रतिजैविके निकामी होतात. इथिलीन ऑक्साइड हा वायू वापरता येतो, पण तो स्वतः कर्करोगकारक आणि त्याचा अंश पावडरीत राहण्याची भीती. गाळून घ्यावे तर पावडर गाळणार कशी? म्हणून औषध विरघळवायचे, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचे, पुन्हा स्फटिक करायचे किंवा गोठवून वाळवायचे, आणि हे सगळे जंतुमुक्त खोलीत, अंगभर झाकलेल्या माणसांनी. त्यानंतर कुपीत भरणे, बूच लावणे. प्रत्येक पायरीवर माणूस आहे आणि जिथे माणूस आहे तिथे जंतू आहेत. या पद्धतीची खात्री परंपरेने हजारांत एक इतकीच धरली जाते.

गॅमा किरणांचे आकर्षण इथे कळते. कुपी भरा, बूच लावा, खोक्यात ठेवा, खोके चिकटपट्टीने बंद करा, आणि बंद खोकेच किरणांपुढून फिरवा. पुठ्ठा, काच, रबर, पावडर या सगळ्यांतून किरण आरपार जातात. नंतर कुणाचा हात लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या टाक्यांचा दोरा अशा रीतीने निर्जंतुक करण्याचा उद्योग अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला; तिथे गॅमा किरण नव्हते, यंत्रातून वेगाने सोडलेले इलेक्ट्रॉन होते. आपल्याकडे १९७४ साली भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बेला, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘आयसोमेड’ हे केंद्र उभे राहिले. जाड काँक्रीटच्या भिंती, आत खोल पाण्याचा हौद, हौदात कोबाल्ट-६० च्या कांड्या. काम सुरू झाले की कांड्या वर येतात, खोकी त्यांच्याभोवती फिरतात. माणसाला आत जायचे असेल तर कांड्या पुन्हा पाण्यात बुडतात. हा कोबाल्ट आपल्याच अणुभट्ट्यांत, राजस्थानातल्या रावतभाट्याला साध्या कोबाल्ट-५९ पासून तयार होतो. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. त्यामुळे दर काही वर्षांनी नव्या कांड्यांची भर घालावी लागते.

आयसोमेडच्या खोक्यांतून बँडेजचा कापूस गेला, हातमोजे गेले, टाक्यांचे दोरे गेले. पण कापसाचा प्रश्न सोपा होता. कापूस थोडा कमकुवत झाला तरी जखम झाकतो. औषधाचे तसे नाही. औषध बदलले तर ते औषध उरेल का?

किती किरण द्यायचे, याची कल्पना येण्यासाठी महाराष्ट्रातलीच उदाहरणे घेऊ. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) पुरतात. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे द्यावे लागतात, म्हणजे फळमाशीची व भुंग्याची अळी वाढत नाही. वाशीच्या केंद्रात मसाल्यांना त्याच्या कितीतरी पट, दहा हजार ग्रेच्या आसपास. आणि वैद्यकीय वस्तूंसाठी जगभर रूढ झालेली मात्रा २५,००० ग्रे, म्हणजे २५ किलोग्रे. माणसाच्या संपूर्ण शरीराला एकाच वेळी ५ ग्रे मिळाले तर उपचारांशिवाय जगणे कठीण. औषधाच्या कुपीला त्याच्या पाच हजार पट!

मग एवढ्या माऱ्याने कुपी तापून जात नाही का? तीच तर गंमत आहे. २५ किलोग्रे म्हणजे दर किलोमागे २५ किलोजूल. एवढ्या उष्णतेने पाणी जेमतेम सहा अंशांनी तापते. ही सगळी ऊर्जा काही तासांत मिळत असल्याने कुपी हाताला कोमटच लागते. आणि औषध किरणोत्सारी होते का, हा प्रश्न तर प्रत्येक सभेत येतो. होत नाही. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. औषधातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्राला धक्का लावायला ती पुरत नाही. इलेक्ट्रॉन उखडायला मात्र भरपूर पुरते. म्हणजे भीती अणूची नाही, रसायनाची आहे. चर्चा रसायनाचीच करायला हवी.

इथून विषयाच्या गाभ्याकडे वळू. जो मारा जंतूला ठार करतो, तोच औषधाला कसा काय सोडतो? किरण काही जंतू पाहून हल्ला करत नाहीत. ते सगळ्यांवर सारखेच पडतात.

याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे आणि तो हिशेब फळ्यावर करावा असाच आहे. किरणांनी दिलेल्या दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे समजा पाच रेणू मोडतात. २५ किलोग्रे दिल्यावर दर किलोमागे सुमारे १३ मिलिमोल घाव बसतात. आता औषधाचा रेणुभार ३५० धरा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे याच पट्ट्यात आहेत. एका किलोत २,८६० मिलिमोल रेणू आहेत. त्यांतले १३ मोडले. म्हणजे दर २२० रेणूंमागे एक. टक्केवारीत ०.४५. औषधाचा साडेनव्व्याण्णव टक्के भाग जागेवर!

तोच हिशेब जंतूवर लावा. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सुमारे ४६ लाख जोड्यांचा एकच प्रचंड रेणू आहे. त्याचा रेणुभार तीन अब्जांच्या घरात. तेच १३ मिलिमोल घाव, पण आता प्रत्येक रेणूच्या वाट्याला सुमारे चाळीस हजार. औषधाच्या २२० रेणूंत एकाला घाव, आणि जंतूच्या एकेका डीएनएला चाळीस हजार घाव. गारपिटीत जमिनीवरचा मोहरीचा दाणा सहीसलामत राहतो आणि एकरभर पसरलेला द्राक्षांचा मांडव फाटतो. गार दोघांना सारखीच असते, फरक आकाराचा असतो.

हा विचार एकदा मनात बसला की पुढची कितीतरी उत्तरे आपोआप सुचतात. इन्सुलिनचा रेणुभार सुमारे ५,८००. त्याच हिशेबाने सात टक्क्यांच्या वर नुकसान. हे कुणी मान्य करणार नाही. पन्नास हजार रेणुभाराचे प्रथिन घेतले तर दर तीन रेणूंमागे दोन घाव. लसी, सीरम, प्रथिनांची संप्रेरके यांसाठी २५ किलोग्रेचा मार्ग का बंद आहे, याचे उत्तर इथेच मिळते. हेपॅरिनसारखी साखळीची औषधे तुटून कमजोर का होतात, तेही. लहान रेणू टिकतो, मोठा मोडतो.

आता कुणी विचारेल, मग हेच औषध पाण्यात विरघळवून का नाही किरणांखाली ठेवायचे? इथे दुसरी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विरळ द्रावणात किरण औषधावर पडतच नाहीत म्हटले तरी चालेल; ते पाण्यावर पडतात. पाणी फुटते आणि त्यातून हायड्रॉक्सिल हे अत्यंत आक्रमक मूलक निघतात. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असेल तर २५ किलोग्रेमध्ये औषधाच्या प्रत्येक रेणूमागे दोनाहून जास्त हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. आणि द्रावणात ते मोकळे फिरतात, रेणू शोधत जातात. औषध वाचणार कसे? कोरड्या स्फटिकात तसे होत नाही. तिथेही मूलक तयार होतात, पण जाळीत अडकून पडतात. हलता येत नाही म्हणून मारता येत नाही. घन औषध टिकते ते या अडकण्यामुळे. आणि म्हणूनच कोरडेपणा हा या सगळ्या शास्त्राचा जीव आहे. पावडरीत ओलावा वाढला की हिशेब बिघडतो.

इथपर्यंत आलेल्या श्रोत्याला वाटेल, मग तपासायचे काय राहिले? लहान रेणू, कोरडा स्फटिक, अर्ध्या टक्क्याचे नुकसान. कागदावरच निकाल लागला.

नाही लागला. का नाही, हे सांगायला कोलीन क्लोराइडची गोष्ट पुरेशी आहे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बर्कली येथे रसायनशास्त्रज्ञ कार्बन-१४ घातलेली संयुगे तयार करून ठेवत असत. त्यांत कोलीन क्लोराइड होते. साधा, लहान रेणू, रेणुभार अवघा १४०. जनावरांच्या खाद्यात घातला जाणारा, रोजच्या व्यवहारातला. पण बाटलीत ठेवलेले हे किरणोत्सारी स्फटिक आपोआप विघटित होऊ लागले. स्वतःच्याच कार्बन-१४ च्या क्षीण किरणांनी! तपासल्यावर दिसले की इतर संयुगांत १०० इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे काही थोडे रेणू मोडतात, इथे शेकडो मोडत होते. एक रेणू मोडला की त्याचा तुकडा शेजाऱ्याला मोडतो, तो पुढच्याला. स्फटिकाची रांगच अशी बसली होती की साखळी सुरू झाली की थांबत नव्हती. तुटून बनत होते ट्रायमिथाइलअमाइन आणि असेटाल्डिहाइड.

आणि यापुढची बाब सर्वांत विलक्षण. हेच कोलीन क्लोराइड पाण्यात विरघळवले की बऱ्यापैकी टिकते. इथे स्फटिक कच्चा आणि द्रावण पक्के. आताच मांडलेल्या नियमाच्या नेमके उलट. शिवाय हेच स्फटिक तापवले की सुमारे ७८ अंशांवर त्याची जाळी बदलते, आणि त्या नव्या रचनेत ते किरणांना दाद देत नाही. आयोडाइड हे त्याचेच भावंड, पण ते या दुखण्यापासून दूर आहे. रेणू तोच, रांगेची मांडणी वेगळी, निकाल वेगळा.

म्हणजे काय? रेणुभारावरून बांधलेला अंदाज चांगला आहे, पण तो अंदाजच आहे. औषधाचे नाव सांगून भागत नाही. कोणता क्षार, कोणती स्फटिकरचना, किती ओलावा, कोणत्या घाण्यातले, हे सगळे सांगावे लागते आणि त्या नेमक्या मालाची चाचणी करावी लागते. एका कारखान्याचे औषध टिकले म्हणून दुसऱ्याचे टिकेल असे गृहीत धरणे हा धोका आहे, आणि तो पत्करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

चाचणी कशी करतात? तपशिलात फार शिरत नाही. विद्यार्थ्यांना तो पुस्तकांत मिळेल. पण चार गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात, कारण त्या वारंवार विसरल्या जातात.

एक म्हणजे मात्रा सगळीकडे सारखी नसते. खोक्याच्या बाहेरच्या कुप्यांना किरण जास्त मिळतात, मधल्यांना कमी. मधल्या कुपीला २५ मिळावेत म्हणून बाहेरच्या कुपीला ३५ सुद्धा मिळू शकतात. मग जंतू मेले का, हे कमीत कमी मात्रा मिळालेल्या जागी सिद्ध करायचे आणि औषध टिकले का, हे जास्तीत जास्त मात्रा मिळालेल्या जागी. दोन प्रश्न, दोन वेगळी टोके. फक्त २५ किलोग्रेला औषध तपासून ‘टिकते’ म्हणणारा अहवाल अपुरा असतो. म्हणूनच चांगल्या प्रयोगात १०, २५, ५०, प्रसंगी १०० किलोग्रे अशा चढत्या मात्रा देतात. पन्नासाला काय मोडते ते पाहिले की पंचविसाला काय शोधायचे ते कळते. आणि किरण न दिलेला नमुना शेजारी हवाच. किती किरण मिळाले हे मोजायला लाल रंगाच्या पर्स्पेक्सच्या चकत्या, सेरिक-सेरस द्रावण, अ‍ॅलनिनच्या गोळ्या खोक्यात ठेवतात. डेव्हनपोर्टच्या प्रकरणात वाफेच्या यंत्राच्या खालच्या कप्प्यात काय झाले हे कळले नव्हते. इथे कोणत्या कोपऱ्यात किती मात्रा पोचली ते आकड्यात मिळते.

दुसरी गोष्ट, औषध किती उरले यावर थांबायचे नाही. नवे काय तयार झाले ते शोधायचे. ९९.५ टक्के उरले, हे वाक्य कानाला छान वाटते. पण तो अर्धा टक्का कशाचा आहे? क्लोरॅम्फेनिकॉलच्या कोरड्या पावडरीत २५ किलोग्रेला होणारे नुकसान एक टक्क्याच्या आत राहते, पण त्यातून पॅरा-नायट्रोबेन्झाल्डिहाइडसारखे नवे पदार्थ येतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मोठ्या मात्रेच्या औषधात ०.१ टक्क्याच्या वर गेलेला विघटनाचा पदार्थ ओळखावा लागतो आणि तो आणखी वाढला तर त्याची सुरक्षितता दाखवावी लागते. म्हणून एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर मोठ्या शिखराकडे पाहून समाधान मानू नये. पायथ्याशी असलेले लहान लहान उंचवटे, जे किरण न दिलेल्या नमुन्यात नव्हते, तेच खरे वाचायचे असतात.

तिसरी गोष्ट रंगाची. पांढरी पावडर किरणांखाली पिवळी पडते. सेफोटॅक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधे तर सहज. गंधकयुक्त औषधांना वासही येतो. गंमत अशी की पिवळेपणा डोळ्यांना ठळक दिसतो तेव्हाही औषध एक टक्काही मोडलेले नसते. जाळीत अडकलेले मूलक आणि अगदी थोडे नवे पदार्थ मिळून हा रंग आणतात. मग रंगाकडे दुर्लक्ष करावे का? प्रस्तुत व्याख्यात्याचे मत स्पष्ट आहे: करू नये. पावडर विरघळवल्यावर द्रावण फार्माकोपियाच्या रंगमर्यादेत बसते का, हे पाहिलेच पाहिजे. कारण नर्सच्या हातात कुपी येते तेव्हा तिच्याकडे एचपीएलसी नसते, डोळे असतात. पिवळे औषध टोचायचे की परत पाठवायचे, हा निर्णय तिच्यावर टाकणे बरोबर नाही.

चौथी गोष्ट वेळेची. किरण संपले तरी त्यांचे काम संपत नाही. अडकलेले मूलक स्फटिकात आठवडे, महिने राहतात. त्यांचा माग काढायला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स हे तंत्र आहे. १९४४ साली कझानमध्ये झावोयस्की यांनी ते शोधले. साठवणीत, उष्णतेत, हवेतल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात हे मूलक हळूहळू पुढच्या अभिक्रिया घडवतात. म्हणून किरणांच्या दुसऱ्या दिवशी उत्तम निघालेले औषध सहा महिन्यांनी कसे आहे, हे पाहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने, आणि शिवाय नेहमीच्या साठवणीत औषधाच्या पूर्ण मुदतीपर्यंत. आपल्या विदर्भातला मे महिना डोळ्यांपुढे आणला की या अटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

औषध टिकले, पण कुपीचे काय? प्रश्न साधा आहे, पण यावर कितीतरी प्रकल्प अडकले आहेत. साधी काच २५ किलोग्रेला तपकिरी होते. पॉलिप्रॉपिलीन काही महिन्यांनी ठिसूळ होऊन तडकते. टेफ्लॉन, जे आम्लालाही दाद देत नाही, ते किरणांपुढे भुगा होते. ब्युटाइल रबराचे बूच मऊ, चिकट पडते. पॉलिस्टायरीन मात्र ठणठणीत राहते. औषधासोबतच्या निष्क्रिय म्हणवणाऱ्या पदार्थांचेही तेच: लॅक्टोज, डेक्स्ट्रोज पिवळे पडतात आणि आम्ल सोडतात, सेल्युलोजची साखळी तुटते, आणि गोळी पाण्यात विरघळण्याचा वेग बदलतो. महिनोन्महिने औषध झिरपवणारी जी नवी इंजेक्शने आहेत, त्यांत पीएलजीए या पॉलिमरचे सूक्ष्म गोळे असतात. किरणांनी ती साखळी आखूड झाली की औषध ठरल्यापेक्षा लवकर बाहेर पडते. आतल्या औषधाचा एकही रेणू मोडलेला नसतो, आणि तरीही रुग्णाला चुकीच्या वेगाने औषध मिळते. तेव्हा चाचणी करायची ती औषधाची नव्हे, विक्रीला जाणाऱ्या संपूर्ण कुपीची.

आणि २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. १९५०च्या दशकात तो ठरला तेव्हा हट्टी जंतूंचा विचार करून भरपूर सवड ठेवली होती. चाचणीत वापरल्या जाणाऱ्या बॅसिलस प्युमिलसच्या बीजाणूंची संख्या एक-दशांश करायला तीन किलोग्रे लागतात असे धरले, तरी पंचविसात ती कोट्यवधींच्या पटीत खाली येते. पण पेनिसिलिनच्या स्वच्छ पावडरीत असे कोट्यवधी बीजाणू असतात कुठे? आज आयएसओ १११३७ या मानकात सोय आहे की उत्पादनावर सरासरी दीडपेक्षा जास्त जंतू नाहीत हे सातत्याने दाखवले, तर १५ किलोग्रेचा मार्ग सिद्ध करता येतो. पंधरा दिले तर औषधाचे नुकसान पंचविसाच्या साठ टक्क्यांवर येते. पिवळेपणा कमी, नवे पदार्थ कमी, बूच शाबूत. कारखान्यात स्वच्छता राखण्याचे बक्षीस औषधाला मिळते. इथे खरी संधी आहे, आणि ती फार थोड्यांनी घेतली आहे.

का घेतली नाही? कारण नियम कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत. अमेरिकेच्या नियमावलीत किरणांनी निर्जंतुक केलेले औषध पूर्वी नवे औषध मानले जात असे, जुने आणि प्रसिद्ध असले तरी. पुरावा नव्याने द्यावा लागत असे. आता विचार करा, पन्नास वर्षांपूर्वीचे, पेटंट संपलेले, कुपीमागे काही रुपयांना मिळणारे प्रतिजैविक. त्यासाठी सहा महिन्यांच्या, दोन वर्षांच्या चाचण्या कोणती कंपनी करील? फायदा कुणाला, खर्च कुणाचा? म्हणून ते औषध जुन्याच पद्धतीने, हजारांत एकच्या खात्रीने भरले जाते, आणि ज्या लहान रुग्णालयांत संसर्गाची भीती सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत जास्त वापरले जाते.

त्यामुळे या सभागृहातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांच्या शिक्षकांना विनंती आहे. तुमच्या प्रयोगशाळांत एचपीएलसी आहे, स्थिरता-कक्ष आहेत, एम.फार्म.चे विद्यार्थी आहेत, आणि किरणांची सोय आपल्याच राज्यात आहे. एक जुने, स्वस्त, रोज लागणारे कोरडे औषध घ्या. त्याचे दोन-तीन कारखान्यांचे घाणे आणा, त्यांच्याच कुप्यांत, त्यांच्याच बुचांसह. १५, २५ आणि ५० किलोग्रे द्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात तपासा. टिकले तर छापा. मोडले तर तेही छापा, कारण कोणते औषध टिकत नाही हे पुढच्याला कळले नाही, तर तो पुन्हा तोच खर्च करील. आणि आलेखाच्या पायथ्याचा एकही उंचवटा गाळू नका.